पान बारा

सतरा वर्षं डॉक्टर सोमण मला एकच प्रश्न विचारत आले. "खडपे, किती?" आणि मी हातातलं काम न थांबवता आकडा सांगत आले. काय किती, हे विचारायची गरज नसे. पेशंट समोर असला की काय लागणार ते मला दिसत होतं, आणि कपाटात किती आहे ते डोक्यात होतं. वही होती, पण ती ऑडिटवाल्याला दाखवण्यापुरती.

मी गुणवंती खडपे. माहेर दाभोळ, सासर नाही, नोकरी दापोलीहून दाभोळला येणाऱ्या रस्त्यावर, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळमाळावरच्या, एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. तीस खाटा, सात सिस्टर, आणि वॉर्डाच्या सगळ्या सामानाच्या किल्ल्या माझ्या कमरेला. आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली, तेव्हा खरं सांगायला हरकत नाही. मला राही मांडवकरचा हेवा वाटत होता. थोडाथोडका नाही, ती समोरून आली की घास कडू लागावा इतका.

अठ्ठ्याऐंशी साली मुंबईच्या ट्रस्टींनी हॉस्पिटलला कॉम्प्युटर दिला. औषधं, सुया, कापूस, चादरी, सगळ्याचा हिशोब त्यात ठेवायचा आणि त्याच यादीवरून मुंबईला मागणी पाठवायची, असं ठरलं. ते शिकायला एका सिस्टरला सहा आठवडे दादरला पाठवायचं होतं. सामान माझ्याकडे, म्हणजे जाणार मीच, यात मला शंका नव्हती. मी दापोलीच्या बाजारातून चेनची बॅग घेतली. आईला सांगितलं, वयनीला सांगितलं, शेजारच्या गंगुबाईला मी न सांगताच कळलं. आणि मेट्रननी नाव लावलं राहीचं. तिला नोकरीला लागून चार वर्षं झाली होती, तीही बाळंतिणींच्या खोलीत, माझ्या वॉर्डाबाहेर. तिचं इंग्रजी चांगलं आहे, म्हणाल्या. परळच्या चाळीत वाढलेल्या पोरीचं इंग्रजी चांगलं असणारच, त्यात तिचं काय कर्तृत्व?

ती बॅग मी माळ्यावर टाकली ती कायमची.

राही परत आली आणि तिच्यासाठी खोली तयार झाली. पूर्वी तिथे गाद्या ठेवत. आता तिथे एअरकंडिशनर बसला, अख्ख्या हॉस्पिटलात एकच. पेशंट उकाड्याने तळमळत होते, आणि ते यंत्र गारव्यात. खोलीबाहेर चपला काढायच्या. पहिल्या दिवशी नारळ फोडला, कुंकू लावलं, आणि हौसामावशी आयाने तर हात जोडून नमस्कार केला. राही आत स्वेटर घालून बसायची. डॉक्टर लोक चहाचा कप घेऊन तिथेच जाऊन बसायला लागले. जवळच पोफळीला कोयनेच्या पाण्यावर एवढी वीज तयार होते, पण आमच्याकडे दिवसातून दोनदा जायची. ती गेली की राही घामाघूम होऊन बाहेर यायची, आणि मला तेवढंच बरं वाटायचं.

राहीने सुरुवातीला यंत्रात फक्त सलाइनच्या बाटल्या चढवल्या होत्या, तेव्हा एकदा डॉक्टर सोमण राउंडला होते. एका मुलीला सलाइन लावायचं होतं. मी आकडा जिभेवर घेऊन उभी होते, आणि ते मागे वळून म्हणाले, "राही, बघ गं, यादी काय म्हणते." राही धावत गेली, चपला काढल्या, आत गेली, बाहेर आली, चपला घातल्या, आणि म्हणाली, "एकोणीस, सर." माझ्या जिभेवरही एकोणीसच होते. ते तिथेच राहिले.

आता माझ्या वहीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. औषधं वेगळी, भांडी वेगळी, कपडे वेगळे, असं मी कधी लिहिलं नाही. दारातून आत शिरलं की डाव्या हाताला जे पहिलं लागतं ते पहिलं, मग दुसरं, असं वॉर्डाला फेरी मारून परत दाराशी येईपर्यंत. चालत गेलं की वही पाठ होते. चादरींचं कपाट, मग फ्रिज, मग मोरीतली मांडणी, मग कापसाचे डबे. आणि नावंही आमच्या तोंडातली. आमच्याकडे साप चावला असं कोणी म्हणत नाही. पान लागलं म्हणतात. नाव घेतलं तर विष चढतं, अशी समजूत. मी शिकलेली सिस्टर, मला ते पटत नव्हतं, पण खाटेवरच्या माणसाला पटतं ना. म्हणून सापाच्या विषावरच्या इंजेक्शनला आमच्या वॉर्डात पान म्हणायचे. "पान किती?" "बारा." वहीतही तेच होतं. पान, बारा. त्याच्या खालची ओळ मोरीतली, बेडपान, चौदा. पॅन लिहिताना वर अर्धचंद्र काढायची सवय मला कधीच नव्हती, म्हणून तेही पानच.

राही माझी वही घेऊन बसली. पहिल्या दिवशी अकरा वेळा उठून विचारायला आली. "सिस्टर, हे 'फुलपाखरू' म्हणजे?" लहान मुलांना सलाइन लावायची पंखवाली सुई. "सिस्टर, 'गुलाबी पाणी' म्हणजे?" मी सांगितलं, जखमा धुवायचं पोटॅशियमचं पाणी. बाराव्या वेळी ती आली तेव्हा डॉक्टर सोमण माझ्यासमोरून सरळ गारव्याच्या खोलीकडे चालले होते. राहीचं बोट वहीवर होतं. ती म्हणाली, "सिस्टर, हे जरा..."

"लिहिलंय ते वाचता येत नाही?" मी म्हटलं. "दादरला काय शिकवलं मग?"

तिचा चेहरा उतरला. "सॉरी सिस्टर," म्हणाली, आणि त्यानंतर तिने विचारलं नाही. त्या दिवशी मला दोन घास जास्त गेले.

आठवड्याने यादी छापून आली. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद, सगळं इंग्रजीत. मेट्रनचा हुकूम होता की माझी सही झाल्यावरच ती पक्की धरायची. राहीने कागद माझ्या टेबलावर पसरला आणि बाजूला उभी राहिली. इंग्रजी नावं मला वाचता येतात, औषधांच्या बाटल्यांवर दुसरं काय असतं? मी बोट ठेवून ओळ ओळ खाली येत गेले. बहुतेक बरोबर होतं, हे मला आवडलं नाही. मग बेडपॅनची ओळ आली. सव्वीस.

आमच्याकडे बेडपॅन चौदा होते. त्यातलं एक गळकं.

सव्वीस कुठून आले ते कळायला मला वेळ लागला नाही. चौदा आणि बारा. तिने दोन ओळी एकच समजून बेरीज केली होती. मी कागदावरच्या वरच्या ओळींकडे पाहिलं. मुंबईहून आलेल्या यादीत औषधांची नावं आधीच भरलेली होती, फक्त आकडे टाकायचे होते. सापाच्या इंजेक्शनपुढे शून्य होतं.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो मी कधी विसरणार नाही. पुढच्या शनिवारी ट्रस्टी येणार होते, बरोबर मुंबईचे दोन मोठे डॉक्टर. कोकणातलं हॉस्पिटल म्हटल्यावर ते सापाचं विचारणारच. राही बटणं दाबणार, पडद्यावर हिरवं शून्य येणार, सगळे एकमेकांकडे बघणार. मग मी शांतपणे फ्रिज उघडणार, बिस्किटांच्या जुन्या डब्यातल्या बारा बाटल्या टेबलावर मांडणार, आणि काही बोलणार नाही. बोलायची गरजच काय? तोपर्यंतचे दहा दिवस मी वॉर्डात असणारच होते. कुणाला पान लागलंच तर सांगायला मी होते. मी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. तिचं सोडून.

"बरोबर आहे?" राहीने विचारलं.

"यंत्राने केलंय, बरोबरच असणार," मी म्हटलं, आणि सही केली.

मधल्या रविवारी दाभोळला माझ्या पुतणीचा साखरपुडा होता. सुट्टी मी महिनाभर आधी घेतली होती, आणि त्या आनंदात ती माझ्या डोक्यातूनच गेली होती. दत्तारामदादाची ही धाकटी मुलगी. दादा बोटीवर तांडेल होता, पण घरात कार्य असलं की त्याला स्वस्थ बसवत नसे. पाहुणे यायच्या आधी परड्यात मोठी चूल मांडायची म्हणून त्याने मागच्या गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, चिरे उचलायला घेतले. दुसऱ्या चिऱ्याखाली फुरसं होतं. ते त्याच्या अंगठ्याला चावलं. दादाने त्याला चिऱ्यानेच ठेचलं आणि हात धरून पडवीत येऊन बसला.

"काय झाला?" वयनीने विचारलं.

"पान लागला," तो म्हणाला. आवाज अगदी शांत.

वयनीने टाहो फोडला. पाहुण्यांची जीप नुकतीच दारात लागली होती. मी दादाचा हात पाहिला, अंगठा सुजायला लागला होता. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही, पण माणूस लगेच जात नाही. वेळ मिळतो. औषध असलं तर माणूस वाचतो. मी सगळ्यांना गप्प केलं. दादाला मागच्या सीटवर आडवं केलं, वयनीला शेजारी बसवलं, दोघा पुतण्यांना मागे.

"वन्सं, तुमी नाय येत?" वयनी म्हणाली.

"जागा कुठाय? आणि पाहुण्यांना कोण बघणार? तुम्ही जा. घाबरायचं काहीएक नाही. तिथे आमच्याकडे बारा आहेत. जाऊन सांगा, खडपे सिस्टरने सांगितलंय बारा आहेत."

खरं सांगायचं तर जागा केली असती तर झाली असती. पण चाळीस माणसांसमोर मी तो आकडा सांगितला होता, आणि सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला ते फार दिवसांनी मिळालं होतं.

जीप चढावाच्या वळणावर गेली. हातातला तांब्या खाली ठेवताना मला ते हिरवं शून्य आठवलं.

मी धावले. साडीचा घोळ हातात धरून बंदराकडचा चढाव धावले, पण जीप कुठली थांबायला. पोस्ट रविवारचं बंद. एका व्यापाऱ्याकडे फोन होता, तो त्याने चार वेळा फिरवला. लाइन मेली होती. दापोलीची पुढची एसटी दीड तासाने. हौसामावशीला डब्याचं माहीत होतं, पण रविवारी ती घरी. डॉक्टर सोमण पुण्याला. ड्यूटीवर होते ते डॉक्टर शेंडे, घाटावरून आलेले, हॉस्पिटलात जेमतेम महिना झालेले. ते काय करणार, हे मला मी समोर असल्यासारखं कळत होतं. रविवारी सिस्टर एकटी राही, तिला विचारणार, यादी काय म्हणते. यादी म्हणणार शून्य. खाली माझी सही. मग ते चिठ्ठी लिहिणार, दापोलीला हे औषध मिळत नाही, रत्नागिरीला न्या. जीपने पाच तास. फुरशात वेळ मिळतो, पण औषधाविना आणखी पाच तास दादाला झेपणार नव्हते.

स्टँडवरच्या बाकड्यावर मी तो दीड तास कसा काढला ते सांगता येत नाही. साखरपुड्याची साडी अंगावर, केसांत अबोलीचा गजरा, आणि लोक विचारत होते, "सिस्टरबाय, आता तो बरा होयल ना?" मी मान हलवत होते. मला त्या पोरीला फजीत करायचं होतं. एवढंच हवं होतं मला, एक शनिवारची फजिती. आणि त्यापायी माझ्या सख्ख्या भावाला मी माझ्याच तोंडाने तिथे पाठवलं होतं.

एसटी सड्यावर थांबली आणि मी वॉर्डापर्यंत पळत गेले. जीप अंगणातच उभी होती. ती बघून मला आधी बरं वाटलं, मग मनात आलं, रत्नागिरीला न्यायची गरजच उरली नसेल तर?

दादा तिसऱ्या खाटेवर होता. हाताला सलाइन होतं. डोळे उघडे. उशाशी स्टुलावर बिस्किटांचा डबा उघडा पडला होता, आणि राही बाटलीतलं औषध सिरिंजमध्ये ओढून सलाइनमध्ये सोडत होती. तिने वळून माझ्याकडे पाहिलं.

"आठ दिली, सिस्टर," ती म्हणाली. "चार शिल्लक आहेत."

मी तिथेच खाटेच्या कडेवर बसले.

वयनी मला नंतर सांगत होती. "तो डाक्तर बोलला, औषध नाय, रत्नागिरीला न्या. चिठ्ठी पन लिवलान. मी बोलले, असा कसा, पान लागलाय माज्या मानसाला, आमच्या वन्सं बोलल्या बारा हायत. तर ही पोरगी माज्याकडं बघीतच ऱ्हायली. बोलली, काय लागलं? पुन्ना बोला. मी बोलले, पान. आनि ती जी धावली, वन्सं, ती फ्रिजातला सगळा जमनीवर काडलान. डाक्तर बोलतोय, अहो यादीत शून्य आहे. ही बोलली, खडपे सिस्टर बारा म्हणाल्या असतील तर बाराच आहेत."

सोमवारी सकाळी मेट्रननी आम्हा दोघींना बोलावलं. डॉक्टर शेंडेंची तक्रार आली होती. यादीत शून्य आणि फ्रिजमध्ये बारा, हे कसं? शनिवारी ट्रस्टी येणार, त्यांना काय सांगायचं? मेट्रनचा आवाज चढला होता. मी तोंड उघडण्याआधी राही बोलली.

"चूक माझी आहे, मॅडम. शब्द मला कळला नाही, आणि मी सिस्टरना विचारलं नाही. पान म्हणजे मी पॅन समजले."

मेट्रन तिला बरंच बोलल्या. एवढं शिकून आलीस, मुंबईचं शिक्षण, ट्रस्टचा पैसा, आणि एक शब्द विचारायची लाज वाटली? मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचं नशीब थोर, खडपे, तुमच्याच भावावर वेळ आली आणि तुमचा शब्द कामी आला. आता या यादीवर लक्ष तुम्हीच ठेवायचं. ही पोरगी तुम्हाला विचारल्याशिवाय एक आकडा टाकणार नाही."

मला जे हवं होतं ते सगळं मला मिळालं होतं. मी गप्प राहिले. होय, राहिले. राही मान खाली घालून उभी होती आणि मी तिच्या शेजारी गप्प उभी राहिले.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी म्हटलं, "तू कशाला सगळं अंगावर घेतलंस? मला विचारायला आली होतीस ना."

"बाराव्या वेळी," ती म्हणाली. "तीच ओळ होती."

मी पुढे चालायला लागले.

ती चालता चालता थांबली. रागाने बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. "सिस्टर, यादी तपासताना तुमचं बोट सव्वीसवर थांबलं होतं," ती म्हणाली. "बाकी कुठे थांबलं नाही. मग तुम्ही वर शून्याकडे पाहिलंत. मग सही केलीत. मला वाटलं, काहीतरी चुकलंय, विचारावं. पण तुम्ही म्हणाला असता, वाचता येत नाही का. म्हणून विचारलं नाही." तिने पदराने कपाळ पुसलं. "काल वहिनी पान म्हणाल्या, बारा म्हणाल्या, आणि मला तुमचं बोट आठवलं. सव्वीसातून चौदा वजा केले. नाहीतर मला कुठून कळणार होतं?"

"हे तू आत का नाही सांगितलंस?"

"तुमचा भाऊ आत खाटेवर आहे," राही म्हणाली. "आणखी काय सांगायचं?"

वीज नुकतीच आली होती. तिच्या खोलीतलं यंत्र घरघरायला लागलं. तिने दाराशी चपला काढल्या, नीट जोडून ठेवल्या आणि आत गेली. काचेतून मला ती दिसत होती. स्वेटर घालून ती पडद्यासमोर बसली आणि बेडपॅनसमोरचा आकडा खोडायला लागली.

मला तिचा हेवा वाटला. आधी कॉम्प्युटरचा वाटत होता, मग गारव्याचा, मग डॉक्टर सोमणांच्या चहाचा. हा त्या सगळ्यांहून वाईट होता, कारण ती जशी वागली होती तसं वागायला मला कोणी अडवलं नव्हतं, आणि त्यासाठी दादरला जावं लागत नव्हतं.

मी कमरेच्या किल्ल्या सोडल्या आणि परत फिरले. मेट्रन अजून टेबलाशीच होत्या, काहीतरी लिहीत होत्या.

"काय खडपे, काही राहिलं?"

मी किल्ल्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

"सही," मी म्हटलं. "ती मी चूक बघून केली होती."